मास्तरांचं घर

चहा आधी संपवून घ्या, मग सांगतो. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या शेजाऱ्यांना असा ठसका लागला की बशी सुटली हातातून. घर घेताना फसलेली माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. मी घर न घेता फसलो. बरं, कुणी फसवलं म्हणाल तर तेही नाही. सगळं स्वतःच्या हुशारीवर केलं.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा मी बेलापूरच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. नगर शहरातून गेलेला माणूस, अंगात टेरिलिनचा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक निळं आणि एक लाल. रुजू झालो त्याच दिवशी वर्गात बजावलं होतं की मला 'मास्तर' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं. मास्तर म्हटलं की मला धोतर, छडी आणि तपकिरीची डबी दिसायची. आणि गावाने ऐकलं की हो माझं! वाणी म्हणायचा, या सर. पोस्टमन म्हणायचा, पत्र आहे सर. मी दोन पेनांसकट आणखी ताठ चालायचो.

माझ्या लेखी गावात मास्तर एकच होते, ते म्हणजे दाविद मास्तर. मिशनच्या शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले, चर्चच्या मागे स्वतःच्या घरात राहणारे. निम्म्या गावाने त्यांच्या हाताखाली बाराखडी गिरवलेली. लोक त्यांना 'बाबा' म्हणायचे, पण ते वयामुळे म्हणत असतील असं मी धरून चाललो होतो. आमच्या शिक्षकांच्या खोलीत मात्र ते दाविद मास्तरच होते.

आता आमच्या घराचं सांगतो. बाजारपेठेच्या बोळात किसनअप्पांच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या होत्या. मातीच्या भिंती, वर माळवद. अप्पा तसा वाईट माणूस नव्हता, पण त्याचा एक नियम होता. राहायला गेलो त्या दिवशी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "काय बी करा, भित्तीला खिळा ठोकायचा न्हाई." आम्ही हो म्हणालो. खिळा ही काय माणसाची गरज असते का, असं तेव्हा वाटलं होतं.

पण आमच्या हिची होती. हिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या नेवाशाच्या सासऱ्यांनी, लग्नात लोलकाचं घड्याळ दिलं होतं. सागवानी पेटी, पुढे काच, आत पितळी लोलक. लोलकाच्या घड्याळाची एक खोड असते. ते आडवं ठेवलं की मुकं होतं. भिंतीवर सरळ टांगलं तरच बोलतं. सहा वर्षं ते घड्याळ लग्नाच्या शालूत गुंडाळून ट्रंकेत पडलं होतं. हिच्या माहेरी सगळं त्या आवाजावर चालायचं. चूल कधी पेटवायची, दूध कधी तापवायचं, वडील कधी येणार, सगळं. कधीतरी दुपारी ही ट्रंक उघडून बसायची, काच पुसायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही, वाळवी लागली का ते बघत होते.

ओल आणि वाळवी यांना आमच्या घरात तोटा नव्हता. तीन वर्षं ही अप्पाच्या मागे लागली होती की गवंडी पाठवा, गवंडी पाठवा. अप्पा म्हणायचा, धाडतो की.

आणि एक दिवस कळलं की दाविद मास्तर घर विकणार आहेत. मुलीकडे नाशिकला जाऊन राहायचं होतं त्यांना. आम्ही दोघं घर पाहायला गेलो. तेही माळवदाचंच, पण दारात डाळिंबाचं झाड, मागे आड आणि आडाशी घासायला पुसायला फरसबंदी जागा. मार्थाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, शेवयांची खीर दिली. ही वाटी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि समोरच्या भिंतीकडे बघत बसली. खीर गार झाली. मग म्हणाली, "इथे घड्याळ लावलं तर चुलीपुढून दिसेल." मास्तरांनी विचारलं, कसलं घड्याळ. हिने त्यांना सगळं सांगितलं, वडिलांपासून ट्रंकेपर्यंत. एवढं ती मलाही कधी बोलली नव्हती.

परतताना वाटेत ती एकच वाक्य बोलली. "अहो, ते घर घ्याच."

मीही घेणारच होतो. खरं सांगतो, त्या रात्री मला स्वप्नात डाळिंब दिसलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या भणगे सरांना सांगितलं आणि तिथून चक्र फिरलं. भणगे सर गणित शिकवायचे, मूळचे राहात्याचे. ते म्हणाले, "घर दाखवलंत का कुणाला?"

मी म्हणालो, आम्ही दोघांनी पाहिलं की. त्यावर ते असे हसले की जणू मी पाढे चुकलो. म्हणाले, घेणाऱ्याचे डोळे प्रेमात असतात, विकणाऱ्याचे डोळे गरजेत असतात. भिंत ठोकून बघायला तिऱ्हाईत माणूस लागतो. ज्याला घेणं नाही आणि विकणंही नाही. मग त्यांनी त्यांच्या साडूच्या घराची हकीकत सांगितली. साडूने मोठ्या हौसेने घर घेतलं, पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन बसली, आणि शेजारी म्हणाला आता ही माझी.

मी घरी येऊन हिला म्हणालो, कुणा जाणकाराला घर दाखवून घेऊ या का. ती भाकरी थापत होती. हात थांबले. "ज्यांनी आपल्याला खीर वाढली, त्यांच्या भिंती ठोकून बघायच्या? काय वाटेल त्या म्हाताऱ्यांना?"

तिचं खरं होतं. भणगे सरांचंही खरं होतं. मी चार दिवस दोघांच्या मध्ये लोंबकळत होतो. घर दाखवावं तर मास्तर दुखावणार, न दाखवावं तर भिंत गोठ्यात. वर्गात 'टू बी' चे प्रकार शिकवताना माझ्या डोक्यात ओल आणि वाळवी चालायची. शेवटी मला एक नामी युक्ती सुचली. घर दाखवायचं, पण कुणाला कळू न देता. मास्तरांनाही नाही आणि हिलाही नाही.

आता गवंडी कोण? गावातला प्रत्येक गवंडी दाविद मास्तरांचा विद्यार्थी. ज्यांनी कान पिळून अक्षर लावलं त्यांच्या घराची खोट कोण काढणार? तेव्हा गवंडी बाहेरगावचाच हवा, ज्याला बेलापुरात कुणी ओळखत नाही आणि जो बेलापुरात कुणाला ओळखत नाही. तिऱ्हाईत म्हणजे अगदी कोरा. भणगे सरांनी राहात्याचा गेनू गवंडी सुचवला. बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं राहात्याला गेलो. भणगे सरांनी माझी ओळख 'आमचे पाहुणे' अशी करून दिली. गुप्तता म्हणजे गुप्तता!

भज्यांच्या पालाआड उभं राहून मी गेनूला सूचना दिल्या. आजूबाजूला बेलापूरची माणसं बाजाराला आलेली, म्हणून नाव घ्यायची सोय नव्हती. मी हळूच म्हणालो, "बेलापुरात जायचं. मास्तरांचं घर विचारायचं. कुणीही दाखवेल."

"बरं."

"पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायचं. भिंत, आढं, चौकट सगळं बघायचं. कुणी पाठवलं ते सांगायचं नाही. विकण्याघेण्याचा तर शब्दही काढायचा नाही."

"न्हाई काढत, मालक. आमी गवंडी हाय, वकील न्हाई."

मला फार बरं वाटलं. परत येताना एस.टी.त मी भणगे सरांना म्हणालो, याला म्हणतात पद्धतशीर काम.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी शाळेतून घरी आलो तर ही अंगणात माझी वाट बघत उभी. चेहरा नुसता फुललेला. म्हणाली, अप्पांनी गवंडी पाठवला एकदाचा! भला माणूस होता, पाणी मागितलं, पिशवीत गवंड्याचा ओळंबा दिसला म्हणून मीच ओळखलं. मग मी त्याला एकेक भिंत दाखवली. तो बिचारा काही विचारत नव्हता, मीच सांगत होते. मागची ओल दाखवली, चुलीवरच्या तुळईची वाळवी दाखवली, चौकटीवरची चीर दाखवली. चहा पाजला. आता चार दिवसांत काम सुरू होईल बघा.

मी हसलो. म्हणालो, घर सोडायची वेळ आली तेव्हा अप्पाला जाग आली.

तुम्ही माझ्याकडे असे का बघताय? कळलं ना तुम्हाला? तुम्हाला एका घोटात कळलं. मला, दोन पेनं लावणाऱ्या माणसाला, नाही कळलं.

पुढच्या बाजाराला राहात्याला गेलो. गेनू त्याच पालापाशी होता. मला बघून त्याने मानच हलवली. म्हणाला, मागच्या भिंतीला ओल हाय, पार कंबरेपर्यंत. चुलीवरची तुळई वाळवीनं पोखरलीय, वाजवली की पोकळ वाजती. चौकटीवर चीर हाय, माजं बोट गेलं आत. आनि भिंतीत काय दम न्हाई, खिळा ठोकला की खपली हातात येती.

खिळा धरत नाही! ज्याच्यासाठी एवढा सोस, तेच नाही. मी विचारलं, घरात कुणाला संशय आला का? गेनू म्हणाला, "कशाचा संशय? मालकीनबाई लई सरळ. सवताच सगळं दाखवत हुत्या. च्या बी पाजला."

मार्थाबाईंचा स्वभाव तसाच होता. मला भरून आलं. विकायचं घर आणि बाई स्वतःच्या तोंडाने दोष सांगते! माणसं चांगली, घर वाईट, असं मी मनात म्हणालो. शेवटी गेनूने सल्ला दिला तो मला अजून तोंडपाठ आहे. "मालक, फुकट दिलं तरी तिथं ऱ्हाऊ नगा. आत्ता हाय ती मान्सं तिथं कशी जगत्यात, देव जानो."

एक प्रश्न विचारला असता तर निभावलं असतं. दारात डाळिंब होतं का रे? एवढाच. पण मी तो विचारला नाही. मी मान डोलावली आणि त्याला भजी खाऊ घातली.

घरी येऊन हिला सांगितलं की एका जाणकाराकडून आतली माहिती कळली आहे. ओल, वाळवी, चीर, सगळं वाचून दाखवावं तसं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अगदी आपल्या घरासारखंच की."

मी म्हणालो, "तेच तर मी म्हणतोय! मग काय उपयोग?"

ट्रंक उघडून तिने शालूची एक घडी नीट केली आणि झाकण लावलं. त्या झाकणाचा आवाज मला आवडला नव्हता, पण मी स्वतःला समजावलं की आपण बायकोला एका मोठ्या संकटातून वाचवलं आहे. अप्पाचा गवंडी काही पुन्हा आला नाही, त्यावरून मी अप्पाला दोन दिवस नावंही ठेवली.

दाविद मास्तरांना जाऊन 'सध्या थोडी अडचण आहे' एवढंच म्हणालो. त्यांनी कारण विचारलं नाही. आठ दिवसांत साखर कारखान्यातल्या एका फिटरने ते घर घेतलं. आला, डाळिंबाखाली उभा राहिला, आत एक चक्कर मारली आणि घेतो म्हणाला. भिंतीला हात लावला नाही त्याने. मी शिक्षकांच्या खोलीत म्हणालो, बिचारा, पावसाळ्यात कळेल त्याला.

नाशिकला जायच्या आदल्या दिवशी दाविद मास्तर निरोप घ्यायला आमच्याकडे आले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. हातात काठी आणि पिशवीत चार डाळिंबं. ही चहा टाकायला आत गेली. मास्तर हळूच म्हणाले, "सर, घर गेलं त्याचं काही नाही. पण एक मनात राहिलंय. माझ्या घरात खोट काय निघाली?"

मला खोटं बोलवेना. मी म्हणालो, मास्तर, राग मानू नका, पण भिंत खिळा धरत नाही असं कळलं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "धरत कशी नाही? बाईंनी दाखवली ना जागा, तिथे मी दुसऱ्याच दिवशी खिळा ठोकून ठेवला होता. त्यांच्या घड्याळासाठी. मी लोंबकळलो तरी निघायचा नाही तो."

तरी मी नेटाने म्हणालो, आणि मागच्या भिंतीची ओल? चुलीवरची तुळई?

"आमच्या चुलीवर तुळई नाहीच," मास्तर म्हणाले. "तिथे धुरासाठी झरोका आहे."

मग त्यांची नजर आमच्या मागच्या भिंतीवर गेली. कंबरेपर्यंत ओल. तिथून ती चौकटीवर गेली. म्हातारे उठले, चौकटीपाशी गेले आणि काठीचं टोक त्यांनी त्या चिरेला हलकेच लावलं. हाताएवढी खपली खाली पडली.

"आणि चीर म्हणता ती अशीच का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात ही चहा घेऊन बाहेर आली. खपलीकडे बघून म्हणाली, "ती तर मी त्या गवंड्याला मुद्दाम दाखवली होती. आलाच नाही मेला परत."

मास्तरांना कळलं. मला कळलं. हिला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. तिने कप खाली ठेवले. मास्तर हसले नाहीत हो, एवढा मोठेपणा त्या माणसाचा. त्यांनी पिशवीतली डाळिंबं काढून हिच्या हातात दिली. मी घाईघाईने म्हणालो, अजून काही करता येईल का. ते म्हणाले, फिटरला शब्द दिलाय, सर. तो माझ्याने मोडवणार नाही.

ते गेल्यावर हिने विचारलं, गवंडी कुणी पाठवला होता? मी सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने खपली उचलली, केर काढला आणि रात्रीचं पीठ मळायला घेतलं.

मी पुढच्या बाजाराला राहात्याला गेलो तो गेनूशी भांडायला. म्हणालो, अरे, मी तुला मास्तरांचं घर सांगितलं होतं!

"मास्तरांचंच पायलं की. पयल्यांदा वान्याला इचारलं, मंग पोष्टमनला, मंग पारावर. समद्यांनी येकच घर दावलं. पोष्टमन म्हनला, दोन पेनांचं मास्तर ना? त्ये काय बोळात."

"अरे, पण मास्तर म्हणजे दाविद मास्तर!"

"त्यांला तर समदी बाबा म्हनत्यात. पारावर त्यांचा इषय निघाला तवाच कळलं मला."

"आणि मला," मी छाती काढून म्हणालो, "मला गावात सर म्हणतात."

गेनूने माझ्या खिशाकडे पाहिलं. एक निळं, एक लाल. मग त्याच्या लक्षात आलं सगळं, आणि तो फार मायेने म्हणाला, "तोंडावर म्हनत असत्याल, मास्तर."

झालं. गावाने तीन वर्षं माझा मान ठेवला होता, आणि मी वळलो की माझ्या पाठीमागे मास्तर तो मास्तर. हे मला तेव्हाच ठाऊक असतं तर आज आमचं घर असतं.

त्या घरासमोरून मी पुढे कितीतरी संध्याकाळी मुद्दाम वाट वाकडी करून जायचो. दार उघडं असलं की समोरची भिंत दिसायची. त्या खिळ्याला फिटरने टोपी अडकवलेली असायची. पावसाळे आले आणि गेले, भिंत जागची हलली नाही. ही मात्र त्या गल्लीत कधी आली नाही. चर्चच्या बाजूला काही काम निघालं तर लांबून फिरून जायची.

पुढे माझ्या बदल्या होत गेल्या. गावं बदलली, घरमालक बदलले, खिळ्याचा नियम मात्र प्रत्येकाचा तोच. मुलांची शिक्षणं, आजारपणं यातून स्वतःचं घर राहूनच गेलं. घराच्या गोष्टी निघाल्या की मला अजून ते डाळिंब दिसतं. हळहळीला वय नसतं, काय करणार.

दर दसऱ्याला ही ट्रंकेतून घड्याळ काढते. काच पुसते, किल्ली देते, वर झेंडूचं फूल लावते. मग मी ते दोन्ही हातांनी उचलून भिंतीला टेकवून धरतो, अगदी सरळ. लोलक हलायला लागतो. ही समोर पाटावर बसते, डोळे मिटते आणि टिकटिक ऐकते. दहा मिनिटं, कधी पंधरा. माझे हात भरून येतात, खांदे दुखतात, पण मी हलत नाही. हलण्याचा मला अधिकारही नाही. आमच्या संसारातला खिळा मीच.

गेल्या दसऱ्याला हात जरा कलला आणि टिकटिक अडखळली. हिने डोळे न उघडताच सांगितलं.

"थोडं डावीकडे घ्या, सर."